दोन बोटं मागे

टॅमसिन रेडपाथ त्या आठवड्यात तिसऱ्यांदा स्कीच्या दुकानात शिरली, तेव्हा अनाहेराने हातातलं ड्रिल खाली ठेवलं आणि पायाने एक स्टूल तिच्याकडे ढकललं.

"बस. आज भोकं पाडल्याशिवाय तुला सोडत नाही. लग्न ठरवताना लोक एवढा विचार करत नाहीत."

"लग्न मोडता येतं," टॅम म्हणाली.

"भोकंही बुजवता येतात. एकदा, फार तर दोनदा. मग स्कीची चाळण होते."

टॅम स्टुलावर बसली, उठली, पुन्हा बसली. टेबलावर तिची नवी जोडी आडवी पडली होती. दोन्ही टोकं वर वळलेली, रुंदीला ना फार ना कमी. जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, स्कीच्या कसरतींसाठी बांधलेल्या पार्कातल्या लोखंडी कठड्यावरून घसरताना तिच्या अरुंद जोडीतल्या एका स्कीची कड उचकटून आली होती, आणि भुसभुशीत बर्फासाठीची रुंद जोडी त्याआधीच एका खडकाने तळातून फाडली होती. दोन्ही जोड्या गेल्या आणि हातात पैसे एकाच जोडीचे. म्हणून ही, दोन्हीकडे चालेल अशी. निदान दुकानातल्या पाटीवर तसं लिहिलं होतं. पाटी लिहिणाऱ्याला कोणती स्पर्धा जिंकायची नसते.

स्की ठरली, तर बूट पकडणारा चाप कुठे बसवायचा यावर घोडं अडलं. पार्कात अर्धा वेळ उलटं, पाठ पुढे करून उतरायचं असतं, हवेत गिरक्या घ्यायच्या असतात. तिथे माणूस स्कीच्या बरोबर मध्यावर उभा हवा. पण मांडीएवढ्या पिठूळ बर्फात मध्यावर उभं राहिलं की स्कीचं नाक खाली जातं आणि माणूस नाकावर. तिथे मागे सरकून उभं राहावं लागतं. एकच जोडी, आणि तिला मालक दोन.

"रविवारी अंतिम फेरी आहे," अनाहेरा म्हणाली. "पहिल्या दोघींना दोन वर्षं कॅनडात सराव. तू तिसरी येत्येस. मी तुझ्या जागी असते तर डोळे मिटून मध्यावर पाडली असती."

"पाड मग मध्यावर."

अनाहेराने खुणेचा पांढरा खडू उचलला. मशीनची घरघर सुरू झाली.

"थांब."

मशीन थांबलं. अनाहेराने खडू पुन्हा टेबलावर ठेवला.

"दोन बोटं मागे," टॅम म्हणाली.

"दोन बोटं मागे म्हणजे पार्कात शेपूट जड आणि पिठूळ बर्फात नाक जड. धड ना इकडे, धड ना तिकडे."

"दोन्हीकडे थोडं थोडं चालेल."

"थोडं थोडं चालणाऱ्यांना कॅनडाला नेत नाहीत गं बाई," अनाहेरा म्हणाली, आणि दोन बोटं मागे भोकं पाडली.

खरी गोष्ट अशी होती की त्या दोन बोटांत टॅमचा बाप बसलेला होता. मर्व रेडपाथ या वानाका गावापासून पाच-साडेपाच तासांवर, कँटरबरीच्या डोंगरात, एका क्लबच्या उतारावर राहायचा. क्लब म्हणजे एक लाकडी घर, एक स्वयंपाकघर आणि डिझेलच्या इंजिनावर फिरणारा, माणसांना वर ओढून नेणारा एक दोर. लोंबत्या खुर्च्या नाहीत, हॉटेल नाही. सभासदांनीच भांडी घासायची, लाकडं फोडायची, बर्फ उपसायचा. ते इंजिन मर्व तीस वर्षं सांभाळत होता. बायको नेल्सन शहरात दुसऱ्या संसारात रमली तरी तो इंजिनापाशीच राहिला. आता त्याचा खुबा झिजला होता, जिना चढताना तो कठडा धरायचा, आणि क्लबात जो तो धरून चालला होता की पुढच्या वर्षी टॅम येईल आणि इंजिन हातात घेईल. टॅमनेच कधीतरी, सतराव्या वर्षी, तसं म्हटलं होतं. सतराव्या वर्षी माणूस काय वाटेल ते म्हणतं. आता ती सव्वीसची होती, आणि पार्कात सत्तावीस म्हणजे आजीबाई. ही फेरी हुकली तर पुढची नव्हती.

आणि कॅनडाचं तिने बापाला अजून सांगितलं नव्हतं. सांगते सांगते म्हणत जून गेला, जुलै गेला.

बुधवारी पार्कात सराव करताना अनाहेराचं म्हणणं अक्षरन् अक्षर खरं ठरलं. प्रत्येक उडीनंतर टॅम टाचांवर पडत होती. शेपूट ओढत होतं, गिरकी अर्धी राहत होती. तिने घरी येऊन भांडी आपटली, झोपायचा प्रयत्न केला, उठून स्कीवर टेप लावून माप घेतलं, पुन्हा पडली. गुरुवारी सकाळी तिने ठरवलं, बस झालं, मध्यावर. स्की खांद्यावर टाकून ती दुकानाच्या वाटेला लागली आणि तळ्याकाठी असतानाच फोन वाजला.

"टॅम? धुराडं भरलंय," मर्व म्हणाला.

धुराडं म्हणजे क्लबच्या माथ्यावरची अरुंद घळ, दोन्ही बाजूंना काळे कडे. दोन वर्षं ती नीट भरलीच नव्हती, नुसते दगड दिसायचे. टॅम दहाची झाल्यापासून घळ भरली की पहिली उतरण बापलेकीची, असा त्यांचा रिवाज होता. क्लबवाले तोवर खाली थांबायचे.

"किती?"

"कमरेपर्यंत. अजून पडतोय. शनिवारी उघडतो. येतेस ना?" आणि मग, इंजिनाच्या तेलाबद्दल बोलावं तसं सहज: "माझं बहुतेक हे शेवटचं. डॉक्टर म्हणतो खुबा बदलायचा, पुढे उतरायचं नाही."

टॅम तळ्याकडे बघत उभी राहिली. शनिवारी सकाळी एक उतरण, दुपारी जेवून निघायचं, रात्री वानाका, रविवारी फेरी. बसत होतं सगळं. नाही म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं.

"येते, डॅड."

दुकानाकडे ती गेलीच नाही. मध्यावर चाप बसवून धुराड्यात उतरणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा, आणि दोन बोटं निदान दोन बोटं तरी होती.

शुक्रवारी दुपारी लिंडिसची खिंड ओलांडून, वाटेत टेकापो गावात खिमा भरलेली एक पेस्ट्री खाऊन, ती क्लबच्या पायथ्याशी पोचली आणि सामान पाठीवर घेऊन अर्धा तास चढून वर आली. दारातच नोएलीन उभी होती. नोएलीन सत्तरीची, स्वयंपाकघराची अनभिषिक्त राणी. आल्यागेल्याला हातात काम दिल्याशिवाय ती नमस्कार करत नसे.

"आलीस? बटाटे सोल."

"बूट तरी काढू दे, आंटी."

"बुटांनी सोलायचे नाहीयेत." मग शेजारी बसून, सुरी चालवत, आवाज खाली आणून ती म्हणाली, "बापाला सांगितलंस का?"

"काय?"

"मला माठ समजू नकोस. माझ्या भाचीचा मुलगा तुझ्याच स्पर्धेत आहे. कॅनडाचं म्हणत्ये मी."

टॅमने बटाटा निम्मा सोलून टाकला. "आज सांगते."

"सांग. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर चटका जास्त बसतो."

तेवढ्यात मर्व आला. मिठी मारायची त्याची पद्धत नव्हती. तो तिच्या खांद्यावर एक थाप मारून थेट तिच्या स्कीकडे गेला. एक स्की उचलून त्याने मध्याची खूण शोधली आणि खुणेपासून चापापर्यंत बोटं ठेवली.

"दोन बोटं. कशासाठी ही जोडी?"

"दोन्हीसाठी."

"हं," मर्व म्हणाला आणि स्की भिंतीला टेकवून ठेवली. त्या हुंकाराने टॅमचा जीव अर्धा झाला.

जेवताना मटण होतं, पुदिन्याची चटणी होती, आणि मर्वला बोलायची लहर होती. "पुढच्या वर्षी इंजिन टॅमच्या हातात," त्याने लांब टेबलावर जाहीर केलं. "मी नुसता चहा पिणार आणि चुका काढणार." लोकांनी टेबल बडवलं. टॅम हसली. हसणं तोंडावर तसंच राहिलं. नोएलीनने तिच्याकडे बघितलं. त्या रात्री भांड्यांची पाळी टॅमची होती. तिने एकेक ताट तीनतीनदा घासलं, बाप झोपायला जाईपर्यंत.

शनिवारी पहाटे उतारावरच्या पहारेकऱ्यांनी स्फोट करून कड्यांवरचा सैल बर्फ पाडून टाकला आणि धुराडं मोकळं असल्याची खूण केली. आभाळ स्वच्छ. मर्वने तिच्या हातात दोन लांब लाल फिती ठेवल्या. मऊ बर्फात उतरताना इथली माणसं अशी फीत स्कीच्या मागे बांधून विजारीच्या घोळात खोचतात. स्की निसटून बर्फाखाली गेली की वर फीत दिसते. क्लबात तिला शेपटी म्हणतात.

"बांध."

"डॅड, मी दहा वर्षांची आहे का? पार्कात मला हसून मारतील."

"इथे पार्क नाही."

"बांधते," ती म्हणाली आणि फिती खिशात कोंबल्या. वर गेल्यावर बांधू. वर गेल्यावर तिला आठवण राहिली नाही, कारण दोरावर चढतानाच ती मनाशी वाक्य जुळवत होती. दोर सुसाट पळतो, कमरेच्या पट्ट्याचा लोखंडी अडकित्ता त्यावर नेमका आवळावा लागतो, जरा चुकलं की हातमोज्याचा घास. सगळी वाट ती म्हणत होती: डॅड, एक सांगायचंय. डॅड, रागावू नकोस. अडकित्ता आवळलेला, दात आवळलेले.

धुराड्याच्या तोंडाशी बाप उभा होता. खाली घळ पांढरी, अस्पर्श, त्यावर एक ओरखडासुद्धा नाही.

"आधी तू," तो म्हणाला.

"डॅड, एक सांगायचंय."

"खाली सांग. ऊन आलं की बर्फ जड होतो."

ती सुटली. पहिली पाच वळणं अशी लागली की तिला कॅनडा, वानाका, काही काही आठवलं नाही. बर्फ छातीपर्यंत उडत होता, ती हसत होती. सहाव्या वळणाला स्कीचं नाक खाली गेलं. दोन बोटांनी ते वर राहायचं नव्हतं, राहिलं नाही. ती डोक्यावरून पलटी झाली, एकदा, पुन्हा एकदा, आणि थांबली तेव्हा तोंडात, कानात, कॉलरीत बर्फ होता. उजव्या पायात स्की होती. डावा पाय मोकळा.

मर्व वरून सावकाश उतरत आला. "लागलं?"

"नाही. स्की गेली."

"शेपटी?"

टॅमने खिशात हात घातला आणि तसाच ठेवला.

तिथून पुढचे तास टॅमला नंतरही धड आठवत नसत, नुसती चिडचिड आठवे. स्की हरवली की क्लबात एक रीत आहे: सगळे हातातलं सोडून येतात, रांगेत उभे राहतात आणि काठ्या उलट्या धरून बर्फात खुपसत पुढे सरकतात. बर्फात काठी मऊ जाते. स्कीला लागली की टक् होतं. वीसेक माणसं आली. दोन वर्षं वाट पाहिलेली घळ सोडून ती माणसं टॅमची स्की शोधत होती, आणि कोणी चकार शब्द काढला नाही. त्याने तिला अधिकच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"स्की वाटते त्याच्यापेक्षा वर असते," नोएलीन ओरडली. "वरचं कोण बघतंय?"

"वरचं मी बघतोय," मर्व म्हणाला. "तुम्ही खालचं घ्या."

रांग खाली सरकली. दुपार झाली. कोणीतरी चीजचे गरम पाव आणि किटलीभर चहा वर आणला. टॅमने काही खाल्लं नाही. ती रांग सोडून मधेच धावायची, खणायची, परत यायची, पुन्हा तिथेच खणायची. दोनची वेळ तिने निघायची ठरवली होती, ती उलटून गेली. उसनी जोडी घेता आली असती कुठूनही, पण परक्या स्कीवर रविवारी उभं राहणं म्हणजे हरायला पाच तास गाडी चालवत जाणं. ती वर बापाकडे गेली. मर्व बर्फात बसला होता, एक पाय लांब करून, शेजारी एक काठी रोवलेली.

"काही लागलं?"

"इथे काही नाही."

"डॅड, नीट बघितलंस का?"

"खुबा दुखतोय, टॅम. जरा बसतो." आणि मग, खाली बघत: "उद्याचं एवढं काय आहे? पार्क काय, पुढच्या आठवड्यातही असेल."

तिचं भानच सुटलं. "नसेल. उद्या अंतिम फेरी आहे. पहिल्या दोघींना कॅनडाला नेणारेत, दोन वर्षं. मला जायचंय, डॅड. मला इंजिन नकोय. मला ते कधीच नको होतं, मी फक्त तुझं तोंड बघून गप्प बसले."

खालची रांग थांबली. कोणीतरी खोकलं आणि रांग पुन्हा चालू लागली.

"माहीत आहे," मर्व म्हणाला.

"नोएलीन आंटीने सांगितलं?"

"तुझ्या स्कीने सांगितलं. काल. चार बोटं मागे चाप हवा होता इथल्यासाठी. दोन ठेवलास. म्हणजे तुझं अर्धं मन तिकडेच आहे, हे मला मोजता येत होतं."

टॅमने काठी उचलली. ती पुन्हा खाली जाऊन खणू लागली.

चारला दोर बंद होतो. कड्याची सावली घळीत उतरली तशी माणसं एकेक करून खाली गेली, जाताना तिच्या पाठीवर हात ठेवून. "वसंतात सापडेल गं, बर्फ वितळला की," एक जण म्हणाला. तो चांगल्या मनाने म्हणाला, म्हणून तिने त्याच्या डोक्यात काठी घातली नाही. नोएलीन शेवटची गेली.

मर्व अजून तिथेच बसला होता.

टॅम त्याच्याकडे बघत उभी राहिली. आणि तेव्हा तिच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. याच माणसाने तिला लहानपणी शंभरदा सांगितलं होतं, बर्फात बसायचं नाही, उभं राहायचं. बसलेलं माणूस गारठतं. आणि आज तो दुखरा खुबा घेऊन दुपारपासून ओल्या बर्फात बसला होता. एकाच जागी. शेजारची काठी मुठीपर्यंत रोवलेली, आणि तिला त्याने एकदाही हात लावला नव्हता.

ती वर चढली. "ती काठी दे."

"राहू दे, टॅम. उशीर झाला."

"दे म्हणते."

त्याने दिली नाही. तिने स्वतः काठी उपसली, बोटभर बाजूला धरली आणि खाली दाबली. टक् झालं.

तिने हातांनी बर्फ उकरला. हातभर खाली तिची स्की होती, वळलेलं टोक वर करून, अगदी शांतपणे.

"कधी लागली?"

"पहिल्याच खेपेला," मर्व म्हणाला.

"आणि तू वर बसलास."

"हो."

"वीस माणसं शोधत होती. नोएलीन आंटी, सत्तरीची बाई, गुडघ्यावर रांगत होती."

"बघत होतो मी." त्याने गुडघ्यावरचा बर्फ झटकला. "आधी म्हटलं, जरा थांबून सांगू. मग म्हटलं, अजून जरा. अंधार पडला की तू जाणार नाहीस. उद्या सरली की राहशील. मला एकट्याला इथे भीती वाटते, टॅम. खुब्याची नाही. संध्याकाळची."

टॅमने स्की पायात अडकवली. चाप खट्कन बसला. तिला किंचाळावंसं वाटत होतं, रडावंसं वाटत होतं, बापाला गदगदा हलवावंसं वाटत होतं, आणि त्याचे ओठ निळे पडलेले दिसत होते.

"ऊठ," ती म्हणाली. "गारठलास."

तिने त्याला हाताला धरून उभं केलं. धुराडं तिने पुरं केलं, पण बापाच्या मागून, त्याच्या प्रत्येक वळणाला थांबत. तो पडला असता तर उचलायला कोणी हवं होतं. खाली आल्यावर त्याला चुलीसमोर नोएलीनच्या ताब्यात दिलं, "स्की सापडली" एवढंच सांगितलं, आणि सामान भरायला गेली. नोएलीनने मर्वची ओली विजार बघितली, टॅमचा चेहरा बघितला, आणि किटली चुलीवर चढवली.

टॅम बॅग पाठीला लावत होती तेव्हा तो इंजिनाच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. कोरडी विजार, हातात चहा.

"स्की आण इकडे."

"मला निघायचंय. आणि मला तुझा भयंकर राग आलाय."

"येऊ दे. टेकापोपर्यंत उतरेल."

"नाही उतरणार."

"मग वानाकापर्यंत. स्की आण."

तिने नेल्या, कशासाठी ते न कळता. त्याने त्या फळीवर आवळल्या, दिवा खाली ओढला आणि चापाचे स्क्रू सोडवायला लागला. टॅम पुढे झाली. "डॅड, काय करतोयस?" जुन्या भोकांत त्याने गोंद लावून लाकडी खुंट्या ठोकल्या, पटाशीने सपाट केल्या. मग टेप काढून लांबी मोजली, दोनदा, आणि बरोबर मध्यावर पेन्सिलीने रेघ मारली.

"धर," तो म्हणाला. "हलायला नको."

टॅमने स्की दोन्ही हातांनी धरली. ड्रिल फिरलं, पांढरा भुसा तिच्या बोटांवर उडाला. तिने 'थांब' म्हटलं नाही. एक स्की झाली, दुसरी झाली. त्याने चाप बसवले, स्क्रू आवळले, बाही फिरवून भुसा पुसला.

"गोंद सकाळपर्यंत सुकून पक्का होईल. फेरीच्या आधी तुझ्या त्या दुकानातल्या मैत्रिणीकडून चाप सुटतात का नीट, तपासून घे. माझ्या भरवशावर उडी मारू नकोस."

"आता या धुराड्यात चालायच्या नाहीत," टॅम म्हणाली.

"नाहीच चालणार."

तिने खिशातून दोन्ही लाल फिती काढून फळीवर ठेवल्या. मर्वने त्या बोटांवर गुंडाळल्या, नीट, एकीवर एक, आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवल्या. त्याच खिळ्याखाली भिंतीशी त्याची स्वतःची रुंद जोडी उभी होती, जिच्यावर तो पुन्हा कधी उतरणार नव्हता. त्याने तिच्यातली एक स्की उचलली, मध्याची खूण शोधली आणि टेप तिच्या हातात दिला.

"तुझ्या बुटाची लांबी सांग मला," तो म्हणाला. "हिच्यावर चार बोटं मागे बसवून ठेवतो. येशील तेव्हा स्की आणू नकोस. नुसते बूट घेऊन ये."

टॅमने एक बूट काढून फळीवर ठेवला आणि टेप धरला.